ठिणगीचे साक्षीदार

३ मार्च, सोमवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गाडीने सुरू होण्यास नकार दिला. (‘नकार दिला’ हे शब्द खोडावेत, यंत्राला इच्छा नसते. गाडी सुरू झाली नाही, एवढेच विधान सिद्ध आहे.) किल्ली फिरवली की इंजिन नेहमीच्या जोमाने घुर्र-घुर्र फिरते, पण पेट घेत नाही. सात वेळा प्रयत्न केला. आठव्या वेळी ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, “अहो, पुरे आता. तिलाही दम लागलाय आणि तुम्हालाही.”

गाडी एकोणीस वर्षांची आहे आणि आजवर माझ्याखेरीज कोणी चालवलेली नाही. येत्या एकवीस तारखेला परवाना कार्यालयात माझी परीक्षा आहे. पंचाहत्तरी उलटलेल्यांना स्वतःची गाडी नेऊन चालवून दाखवावी लागते. त्या दिवशी गैरहजर राहिल्यास परवाना रद्द होतो आणि या वयात नवा मिळत नाही. कार्यालयाच्या पत्रात हे चार ओळींत सांगितले आहे व त्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. पत्र हिने वाचून दाखवले. ऱ्हस्व-दीर्घ मी विचारून घेतले.

हाती अठरा दिवस आहेत. एक दोष शोधून काढण्यास एवढा अवधी मला पुरेसा आहे.

४ मार्च, मंगळवार

छापखान्यात अडतीस वर्षे मुद्रितशोधन केले ते एका पद्धतीने. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची. दोघांचे एकमत झाले की दुरुस्ती पक्की. आणि पक्की झालेली दुरुस्ती पुन्हा उकरायची नाही, नाही तर पुस्तक जन्मात छापून होत नाही. इंजिनाचा दोषही याच पद्धतीने शोधण्याचे ठरवले आहे. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, याचा अर्थ त्याला तीनपैकी एक गोष्ट मिळत नाही: ठिणगी, पेट्रोल किंवा हवा. क्रम हाच. एक प्रश्न निकालात निघाल्याशिवाय दुसरा हाती घ्यायचा नाही.

गाडीची हस्तपुस्तिका हिने वाचून दाखवली. अलीकडे वाचन तिच्याकडेच असते. पुस्तिकेचा टाइप इतका बारीक आहे की छापणाऱ्याला लाज वाटावी. वृत्तपत्राचीही तीच रड, शाई वाचवतात. या वहीच्या रेघासुद्धा अशा फिकट आहेत की दोन रेघांची एक धरून मी लिहीत आहे. दुकानदाराला सांगायला हवे.

६ मार्च, गुरुवार

ठिणगीची चाचणी. स्पार्क प्लग काढून, वायरीला जोडलेला तसाच इंजिनाच्या लोखंडावर टेकवायचा, आणि दुसऱ्याने आत बसून किल्ली फिरवायची. ठिणगी येत असेल तर प्लगच्या टोकाशी निळी चमक दिसते.

हिला चालकाच्या जागेवर बसवले. एकोणीस वर्षांत ती तेथे प्रथमच बसली. परक्याच्या घरी बसावे तशी, अगदी टोकावर.

“मी ‘हं’ म्हटले की फिरव.”

“आणि थांबायचं कधी?”

“मी ‘बस’ म्हटले की.”

“म्हणजे नेहमीसारखंच,” ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. ठिणगी नाही. दोनदा पाहिले. नाही. मग पद्धतीप्रमाणे जागांची अदलाबदल केली. मी किल्ली फिरवली, तिने पाहिले.

“काय दिसले?”

“तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं?”

“नाही, हे मी सांगितले आहे. तुझे सांग.”

“पुन्हा फिरवा.”

पुन्हा फिरवली.

“अगदी जवळून पाहिलं होतंत का तुम्ही?”

“वीतभर अंतरावरून! अगं, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देऊ नये. ठिणगी आहे की नाही?”

“नाही,” ती म्हणाली.

साक्षीदार दोन, मत एक. ठिणगी नाही. निष्कर्ष पक्का. ही मात्र आत जाऊन पाणी प्याली आणि कितीतरी वेळ ओट्याशी नुसती उभी होती. ऊन बाधले असावे.

८ मार्च, शनिवार

चारही प्लग नवे आणून बसवले. उजव्या हाताची तीन बोटे सोलपटली. पुन्हा चाचणी. ही म्हणाली, “नाही.” इंजिन घुर्र-घुर्र करून हसत राहिले. (यंत्र हसत नाही. पण हे हसले.)

हिला गाडीविषयी आस्था उरलेली नाही. मागच्या शनिवारी, म्हणजे गाडी शेवटची बाहेर काढली तेव्हा, चौकात एक बाई अकस्मात समोर आली. करड्या रस्त्यावर करडे कपडे! छातीशी पिशवी कवटाळून ती माझ्यावर ओरडू लागली. मी वेळेवर थांबलो होतो. अर्थात हिने माझा दंड धरून किंकाळी फोडल्यानंतर. दंडावर हिची पाच बोटे उमटली होती. त्या दिवसापासून गाडीचा विषय निघाला की ती उठून काहीतरी कामाला लागते.

१० मार्च, सोमवार

ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल बदलली. वायरी बदलल्या. हिने पाहिले. “नाही.”

मी पाना अंगणात भिरकावला आणि एक शिवी दिली. मग पाना शोधण्यात पाऊण तास गेला. तो पायरीजवळच पडला होता, असे ही म्हणाली. तिने तो उचलून माझ्या हातात ठेवला व ती म्हणाली, “जाऊ द्या ना हो गाडी. कुठे जायचंय आपल्याला एवढं?”

कुठे जायचे आहे, हा प्रश्नच नव्हे. जाता येते की नाही, हा प्रश्न आहे.

१२ मार्च, बुधवार

कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. मी बोलावले नव्हते; रस्त्याने जाताना उघडे बॉनेट दिसले म्हणून शिरला. मनुष्य कामाला चोख आहे, पण त्याची भाषा ऐकवत नाही.

“काय काका, गाडी रुसली काय?”

“गाडी रुसत नाही. ठिणगी येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“दोघांनी स्वतंत्रपणे पाहिले आहे.”

त्याने न विचारता एक प्लग काढून टेकवला आणि मला किल्ली फिरवायला लावली.

“अहो काका, ठिणगी तर कडक येतेय! निळीशार! कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी उतरून धावलो. आता तो आत बसला, मी वाकलो. त्याने इंजिन फिरवले.

“दिसली?”

“कोठे आहे?”

“तिथंच की! अहो, नाकासमोर आहे तुमच्या!”

“मला दिसत नाही.”

तो उतरला. एव्हाना हीही हात पुशीत बाहेर आली होती. मी पुन्हा आत बसून किल्ली फिरवली आणि खिडकीतून डोके बाहेर काढून, दोघांना ऐकू जाईल असे विचारले, “तूच सांग याला. ठिणगी आहे का?”

ती प्लगकडे पाहत नव्हती; मिस्त्रीकडे पाहत होती. “नाही,” ती म्हणाली. “मलाही नाही दिसत.”

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा तिच्याकडे. फडक्याने एकेक बोट पुसत तो म्हणाला, “हां... म्हणजे असेल. कधी येते, कधी नाही. वायरिंगचा लोचा असणार. बघू निवांत.”

“निवांत म्हणजे कधी? एकवीसला माझी परीक्षा आहे.”

“एकवीसला,” तो म्हणाला. मग हिच्याकडे वळून, “काकू, मी तेवीस-चोवीसला येतो.”

प्रश्न मी विचारला, उत्तर तिला दिले! जाताना दोघे फाटकाशी थांबून काही बोलत होते. मी विचारल्यावर ही म्हणाली, “त्याच्या आईची तब्येत विचारत होते.”

निष्कर्ष: ठिणगी दिसल्याचे सांगणारा एक, न दिसल्याचे सांगणारे दोन. पहिला स्वतःची हुशारी दाखवायला बोलला व उघडा पडल्यावर त्याने माघार घेतली. दुरुस्ती पक्की आहे.

१३ मार्च, गुरुवार

कन्येचा फोन.

“बाबा, आता टॅक्सीनं जात जा ना कुठे जायचं तर.”

“परीक्षा टॅक्सीत मागे बसून देता येत नाही.”

“डोळे कधी दाखवलेत शेवटचे?”

“दोष इंजिनात आहे.”

“बाबा, आई सांगत होती, त्या चौकातल्या बाईच्या कडेवर मूल होतं.”

“पिशवी होती. मी स्वतः पाहिली.”

कन्या म्हणाली, “आईला द्या.” मायलेकी दार लोटून पाऊण तास बोलल्या. एवढे बोलण्याजोगे काय असते, कोण जाणे.

१६ मार्च, रविवार

चारही प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले, पुसले, बसवले. कोठे काही सापडत नाही. जेवताना हिच्यावर ओरडलो. चाचणीच्या वेळी तिचे लक्ष नसते, असे म्हणालो. ती म्हणाली, “असतं हो. तुमच्यावरच असतं.” भात तसाच टाकून उठलो.

पाच दिवस.

१८ मार्च, मंगळवार

सापडला!

क्रमाने लिहितो. बॅटरी उतरली होती म्हणून रात्रभर चार्ज करून सकाळी बसवली. दुपारी सारी आळी निजलेली असताना गाडीत जाऊन नुसता बसलो. किल्ली अर्धी फिरवली, इंजिन फिरवले नाही. दिवे लागले आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटले. कोणी नेहमीचे वाक्य बोलताना शेवटचा शब्द गिळावा, तसे. पुन्हा अर्धी फिरवली. आता कळले. किल्ली फिरवताच मागच्या आसनाखाली पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणतो. एकोणीस वर्षे मी ती गुणगुण ऐकत आलो आणि पंधरा दिवस ती नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. कारण मी ठिणगीच्या मागे लागलो होतो. क्रम मोडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मोडला.

पंपाचा फ्यूज स्टिअरिंगखालच्या पेटीत असतो. हाताने चाचपून काढला. आतली तार तुटली आहे की नाही, हे काही कळेना. परंतु तार शाबूत असली की माझ्या वीज तपासण्याच्या मीटरची शिटी वाजते. शिटी वाजली नाही. पेटीत दोन सुटे फ्यूज ठेवलेले असतात. पंपाला पंधरा अँपिअरचा लागतो, पण त्यांवरचे अंक फारच बारीक छापले आहेत, म्हणून हिला हाक मारली.

“यातला पंधराचा कोणता?”

तिने दोन्ही फ्यूज तळहातावर घेतले. मी आत घाम पुशीत बसलो होतो.

“अगं, अंक वाचायचे आहेत, कादंबरी नाही!”

“हा,” ती म्हणाली. “हा पंधराचा.”

बसवला. किल्ली अर्धी फिरवली. मागे गुणगुण! पूर्ण फिरवली आणि इंजिन असे गर्जले की झाडावरचे पक्षी उडाले. मी एकटाच टाळ्या पिटत होतो. ही पायरीवर बसली. तिचे गुडघे हल्ली दुखतात.

फ्यूज का उडाला, हे नंतर शोधायचे आहे.

१९ मार्च, बुधवार

सकाळपासून एक गोष्ट टोचते आहे.

दोष जर केवळ पेट्रोलचा होता, तर ठिणगी प्रथमपासून येतच असली पाहिजे. म्हणजे मिस्त्री खरे बोलला. म्हणजे माझी पक्की दुरुस्ती चुकीची निघाली. हे कसे घडले? मी भर उन्हात पाहिले. उन्हात निळी चमक दिसत नाही, हे समजण्याजोगे आहे. परंतु हिने तर एकदा, दोनदा नव्हे, प्रत्येक चाचणीत पाहिले, आणि सोमवारची चाचणी संध्याकाळची होती.

एकच स्पष्टीकरण संभवते, आणि ते लिहिताना मला वाईट वाटते. हिची दृष्टी अधू झाली आहे. बिचारीने ते माझ्यापासून लपवले. मी मात्र तिच्यावर ओरडलो. उद्या सावकाश, न दुखवता बोलायला हवे.

२० मार्च, गुरुवार

सावकाश बोललो.

“रागावू नकोस. पण तुझ्या डोळ्यांना काहीतरी झाले आहे. परीक्षा होऊन जाऊ दे. शनिवारी आपण नेत्रतज्ज्ञाकडे जाऊ. आता गाडीही आहे.”

ती हसली. मग हसू आवरेना, आणि थोड्या वेळाने ते हसू राहिले नाही. मी पाणी आणून दिले.

“मला दिसली होती,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी. एवढीशी, निळी. दर वेळी दिसली.”

“मग नाही का म्हणालीस?”

“तुम्ही नाही म्हणालात म्हणून.”

“मला दिसली नाही म्हणून मी नाही म्हणालो.”

“हो ना,” ती म्हणाली. “वीतभर अंतरावरून.”

मी ऊन होते, असे म्हणालो. मग आवाज चढवून म्हणालो, “तू खोटी साक्ष दिलीस. तीन वेळा!”

“चार. मिस्त्रीसमोरची धरली नाहीत तुम्ही.” मग ती म्हणाली, “गाडी मी बिघडवली नाही, देवाशपथ. पण बिघडलीच होती, तर म्हटलं, राहू दे एकवीसपर्यंत. परीक्षेचा दिवस टळला की आपोआप सगळं मिटेल, तुम्हाला कुणी नापास न करता.”

“आणि परवा पंधरा म्हणालीस, ते?”

“ते खरं होतं.”

“का?”

“थकले मी. तुम्ही अंगणात चाचपडत होतात पान्यासाठी, तेव्हापासूनच थकले होते.”

छापखान्यात खोटे वाचणाऱ्यास त्याच दिवशी घरी पाठवत. माझ्या टेबलासमोर कोणी एक शब्द जाणूनबुजून चुकीचा वाचला असता, तर मी त्याचे तोंड पाहिले नसते. हिने मला पंधरा दिवस चुकीच्या पानावर बसवून ठेवले. आज मी तिच्याशी बोललो नाही. तिने वाढून ठेवले. मी ते झाकून ठेवले.

ऊन होते म्हणून ठिणगी दिसली नाही, हे माझे म्हणणे कायम आहे. उद्या जाणार.

२१ मार्च, शुक्रवार

परीक्षा साडेदहाला होती. नऊ वाजता कागदपत्रे, चष्मा, पाण्याची बाटली घेऊन गाडीत बसलो. किल्ली फिरवली. पंप गुणगुणला, इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले. निर्दोष आवाज.

ही घराला कुलूप लावून आली आणि माझ्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी बसली. पट्टा लावला.

“तू कशाला?”

“नेहमी येते तशी.”

“काल एवढे बोललीस. आज भीती वाटत नाही?”

“वाटते की.”

“मग उतर.”

“तुम्ही जाणार असाल तर मी इथे बसून काय करू? वाट बघत?” तिने हात मांडीवर ठेवले. कशालाही धरले नव्हते. “चला. उशीर होईल.”

मी समोर पाहिले. आता जे लिहितो ते मोजूनमापून लिहितो. फाटक उघडे होते. फाटकापलीकडे, रस्त्याच्या कडेला, काहीतरी उभे होते. विजेचा खांब की माणूस, हे मला सांगता येईना. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. फरक पडला नाही. हिला विचारता आले असते, विचारले नाही. हलला तर माणूस, नाही हलला तर खांब, असे ठरवून थांबलो. तो हलला नाही. तेव्हा खांब, असे ठरवून मी गिअर टाकला.

खांब म्हणाला, “काका, झाली की सुरू! मस्त आवाज आहे!”

तो मिस्त्री होता.

मी इंजिन बंद केले. उतरलो, आणि गाडीच्या तोंडापासून तो उभा होता तेथपर्यंत चालत गेलो. “काय मोजताय, काका?” त्याने विचारले. उत्तर देताना आकडा चुकला असता. अकरा पावले भरली. परत येताना पुन्हा मोजली. अकराच.

ही अजून पट्टा लावून बसली होती. मी तिच्या बाजूचे दार उघडले. ते मी यापूर्वी कधी उघडल्याचे आठवत नाही. “उतर,” म्हणालो. “ऊन वाढते आहे.” तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ती काहीही न विचारता उतरली.

दुपारी परवाना परत करत असल्याचे, कार्यालयास लिहायचे पत्र मी सांगितले, हिने लिहून घेतले. सात ओळींचे झाले. “शुद्धलेखन तपासायला वाचून दाखवू का?” तिने विचारले.

मी म्हणालो, “नको. तू पाहिलेस ना? मग झाले.”